एकोणतीसचा पाढा

दिवेलागणीला परवचा म्हणताना माझी गाडी हमखास एकोणतीसवर अडायची. शुभंकरोती व्हायची, पावकी-निमकी व्हायची, अठ्ठावीसपर्यंत ताल धरलेला असायचा. आणि ‘एकोणतीस सक’ म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. झोपाळ्यावरून आजोबा सांगायचे, “चौऱ्याहत्तरासे.” ते आलं कुठून, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

डी.एड. करून चौथीचा वर्ग हाती आला. एक मुलगा तिथेच अडला, माझ्यासारखाच. त्याच्यासाठी फळ्यावर अक्षरं लिहिताना तो शब्द मला पहिल्यांदा ऐकू आला. एकोणतीस. एक उणा तीस! तीस सक एकशे ऐंशी. दर खेपेला एक जास्त धरला, म्हणून सहा उणे. 174. पुस्तकातला वितरण गुणधर्म आपल्या भाषेनं आकड्याच्या नावातच ठेवलेला, आणि मी तो वर्षानुवर्षं नुसता घोकत होते. एकोणीसचं तसंच, एकोणचाळीसचंही तसंच.

पाठांतराशी माझं वैर नाही. पाढे तोंडावर असलेलं मूल हिशेबाला घाबरत नाही. पण ‘सात आठे’ आणि ‘आठ साती’ दोन्ही छप्पन्नच का, हे एकदा डोळ्यांनी दिसायला हवं. ते दिसलं, की एक ते दहाच्या तक्त्यातल्या शंभर घरांपैकी पंचेचाळीस वेगळी पाठ करावी लागत नाहीत.

त्यासाठी मी अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे आणायचे. तीस खळगे, एकेकात एक चिंचोका. पाच ओळी, ओळीत सहा. ट्रे फिरवला की सहा ओळी, ओळीत पाच. एकदा एक मुलगी अडून बसली. “बाई, पाच जणींना सहा-सहा गोळ्या आणि सहा जणींना पाच-पाच, हे सारखं कसं? मला एक कमीच मिळणार ना!”

तिचं अगदी बरोबर होतं. बेरीज सारखी, वाटणी वेगळी. क्रमनिरपेक्षता शिकवताना आपण हे सांगायचं विसरतो. मी ते तिला तसंच सांगितलं. तिनं मान हलवली नाही. ट्रेला हातही लावला नाही. उठून ट्रेच्या दुसऱ्या बाजूला गेली, उकिडवी बसली, बोटानं ओळी मोजल्या. मग परत आपल्या जागी आली आणि सगळे चिंचोके पहिल्यापासून, एकेक करून मोजायला लागली.