पिशव्या कोण बघणार?

सहल म्हटली की सामान आलं, आणि सामान आलं की ते सांभाळणारं एक माणूस आलं. हे माणूस बहुधा बाईच असते! समुद्रावर जा, नदीवर जा, धबधब्यावर जा. पुरुषमंडळी आणि मुलं कपडे टाकून पाण्यात धावतात, आणि काठावर चपलांच्या ढिगाशेजारी, सगळ्यांची घड्याळं, पाकिटं, चष्मे मांडीवर घेऊन एक बाई बसलेली असते. तिला 'बस' असं कुणी सांगितलेलं नसतं. पण 'ऊठ' असंही कुणी म्हणत नाही. घरातले फोटो काढून बघा. ती कुठंतरी कडेला दिसेल, नाहीतर मुळीच दिसणार नाही.

आमच्याकडे हे काम सदतीस वर्षं माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे आहे. मी त्यांना वहिनी म्हणते. वय एकसष्ट; घरात त्यांच्या शब्दाला वजन; पण पाणी दिसलं की त्या दोन पावलं मागं. मला पोहता येतं, त्यात माझी काही शहाणीव नाही. माहेर खेड्यातलं, काकांनी पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत सोडलं आणि आठ दिवसांत मी बेडकासारखी पोहायला लागले. वहिनींच्या लहानपणी त्यांच्या शेजारचा मुलगा तळ्यात बुडाला. त्यानंतर त्यांच्या आईनं मुलींना घोट्याच्या वर पाण्यात जाऊ दिलं नाही. ही गोष्ट मला कळायला सदतीस वर्षं लागली आणि कळली ती थेट थायलंडमध्ये!

गेल्या वर्षी फेब्रुवारीत दोघे भाऊ आणि आम्ही दोघी जावा तिकडे गेलो होतो. दक्षिणेला क्राबी प्रांतात को लांता नावाचं बेट आहे. 'को' म्हणजे बेट. समुद्र अंदमानचाच. त्याच्या पश्चिमेच्या कडेला आपली अंदमान-निकोबार बेटं आणि पूर्वेला हा किनारा. पावसाळाही आपल्यासारखाच नैऋत्येचा, म्हणून इथं जायचं ते नोव्हेंबर ते एप्रिल. पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि बरीच ठिकाणं बंद ठेवतात.

को लांताहून स्पीडबोटीनं चार बेटांची दिवसभराची सफर निघते. सकाळी नऊला निघायचं, चारच्या सुमारास परत. को नाई, को चुएक, को मुक आणि को क्रादान ही ती बेटं. शेजारच्या त्रांग प्रांताच्या किनाऱ्याजवळची. यांतल्या को मुकवरच्या गुहेसाठीच लोक मुख्यतः जातात. गुहेचं नाव 'थाम मोराकोत'. थाम म्हणजे गुहा, आणि मोराकोत? आपला मरकत! संस्कृतातला मरकतमणी, म्हणजे पाचू, समुद्र ओलांडून तिकडे 'मोराकोत' झाला आहे. हे ऐकून वहिनींना फार गंमत वाटली. पण पुढचं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. या गुहेत चालत जाता येत नाही. सुमारे ८० मीटर पाण्यातून, आणि मधला भाग अंधारातून, पोहत जावं लागतं.

भाऊजी लगेच म्हणाले, "ही बोटीत बसेल. पिशव्या बघायला कुणीतरी हवंच की."

वहिनींनी मान हलवली. विषय संपला!

धक्क्यावरच सगळ्यांच्या चपला एका टोपलीत गोळा झाल्या. बोटीत अनवाणीच बसायचं. मागं मोठाली इंजिनं, त्यामुळे बोट लाटांवरून अक्षरशः आपटत जाते. पुढं बसलं की वारा छान लागतो, पण कंबरेचं पीठ होतं. पाठदुखी असलेल्यांनी मागं बसावं; आणि गरोदर बायकांनी, नुकतं ऑपरेशन झालेल्यांनी ही हौस करूच नये.

पहिला मुक्काम को नाई. पांढरी वाळू, उथळ पाणी, तळ स्वच्छ दिसणारा. सगळे उतरले. वहिनी आपल्या जागी पिशव्यांच्या मध्ये बसून. मार्गदर्शक पंचविशीतली एक थाई मुलगी होती. तिनं मोडक्या इंग्रजीत विचारलं, "आई का उतरत नाही?" मी पिशव्यांकडे बोट दाखवलं. ती हसली. म्हणाली, "पिशव्या बोटीत राहतात. नावाडी पण बोटीतच राहतो."

झालं! आता कारणच उरलं नाही. वहिनी क्षणभर गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "अगं, मला भीती वाटते." आणि तो शेजारचा मुलगा, ते तळं, आईचं ते ओरडणं, सगळं मला बोटीच्या कडेशी बसून सांगितलं.

अशा वेळी 'काही होत नाही हो' म्हणणं फार सोपं असतं. मी म्हटलं नाही. पाण्यात होतं काही. भीती खोटी नव्हती. मी एवढंच म्हटलं, "जाकीट घालून कंबरेपर्यंत येता? नको वाटलं तर लगेच परत फिरू."

त्या उतरल्या. लाइफ जाकिटाचं एक लक्षात ठेवा मैत्रिणींनो, ते ढिलं असून उपयोग नाही. ढिलं असलं तर जाकीट वर तरंगतं आणि माणूस त्यातून खाली सरकतं. खांद्याशी धरून वर ओढून बघायचं; हनुवटीपर्यंत आलं तर पट्टे आणखी आवळायचे. आपलं शरीर पाण्याहून फारसं जड नसतंच, त्यात समुद्राचं खारं पाणी आपल्याला विहिरीच्या पाण्यापेक्षा जास्त उचलून धरतं, आणि उरलेलं काम जाकीट करतं. आपण फक्त झटापट करायची नाही. वहिनींना मी मागं रेलायला सांगितलं. मानेखाली माझा हात. कान पाण्यात गेले तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटले. थोड्या वेळानं मी म्हटलं, "वहिनी, हात केव्हाच काढलाय."

त्यांनी डोळे उघडून आकाशाकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत. पण वर येण्याची घाईही केली नाही.

को चुएकला पाण्याला ओढ फार. चुएक म्हणजे दोर, आणि तिथं खरोखरच दोर धरून मासे बघायचे. वहिनी बोटीच्या शिडीवर उभ्या राहिल्या, चष्मा लावून तोंड पाण्यात बुडवलं आणि पट्ट्यापट्ट्यांचे मासे पायाशी फिरताना पाहिले. तेवढंच. पण दुपारी को मुकच्या कड्याखाली बोट थांबली तेव्हा त्यांनी आपणहून त्या मुलीला जवळ बोलावलं आणि माझ्यामार्फत तीन प्रश्न विचारले.

अंधार किती वेळ? पाणी वाढलं तर? आणि मधूनच परत फिरता येतं का?

मला वाटतं, कुठल्याही बाईनं कुठल्याही पाण्यात उतरण्यापूर्वी असेच प्रश्न विचारावेत. मुलीनं नीट उत्तरं दिली. अंधार काही मिनिटांचाच. पुढं बॅटरी घेऊन ती स्वतः असणार. भरती-ओहोटीची वेळ बघूनच बोट आणतात, कारण पूर्ण भरतीला गुहेचं छत पाण्याला टेकायला येतं आणि मग आत कुणी जात नाही. आणि परत फिरायचं झालं तर दुसरा माणूस सोबत येईल.

"मग चल," वहिनी म्हणाल्या.

रांग करायची, पुढच्याच्या जाकिटाचा पट्टा धरायचा आणि सोडायचा नाही. माझ्या पट्ट्याला वहिनींची मूठ. तोंडाशी पाणी खरोखरच पाचूच्या रंगाचं. बाहेरचं ऊन तळाच्या फिकट वाळूवर पडून पाण्यातून वर उजळतं, त्यामुळे दिवा पाण्याखाली लावलाय असं वाटतं. मग गुहा वळते आणि उजेड संपतो. पुढच्या बॅटरीचा एक ठिपका, भिंतींवर घुमणारे परक्या भाषांतले आवाज, गार हवा. माझ्या मागून एक पुटपुट ऐकू येत होती. वहिनी रामरक्षा म्हणत होत्या. मध्ये एकदा पुढच्या माणसाचा पाय लागून रांग थबकली आणि पट्ट्यावरची मूठ अशी आवळली की माझा श्वास अडला. "वहिनी?" मी विचारलं. रामरक्षा थांबली. "आहे मी. तू पुढं बघ." पुन्हा सुरू.

आणि समोर उजेड आला. पायाला वाळू लागली.

काय सांगू! चारी बाजूंनी उंच कडे, त्यांवर झाडी, वर आकाशाचा तुकडा आणि खाली छोटासा वाळूचा काठ. वहिनी वर बघत म्हणाल्या, "अगं, हा तर वाड्याचा चौक!" अगदी बरोबर. अंधाऱ्या बोळातून आत यावं आणि एकदम उघडा चौक लागावा, तसंच. त्या भागात अशा जागांना 'हाँग' म्हणतात, त्याचा अर्थच खोली. डोंगर चुनखडीचा. पातेल्यात साचलेला पांढरा थर आपण लिंबू-व्हिनेगरनं काढतो ना, तसंच किंचित आंबट पावसाचं पाणी युगानुयुगं हा दगड विरघळवत राहिलं. आत पोकळी झाली, एक दिवस छत कोसळलं, आणि समुद्रानं बाजूनं वाट काढली.

भाऊजी कॅमेरा घेऊन पुढं गेले होते. वळून बघतात तर ओल्या केसांनी वहिनी उभ्या! ते इतके चकित झाले की तोंडातून निघालं, "अगं, तू इथं? मग पिशव्या कोण बघतंय?"

"बोट बघतेय," वहिनी म्हणाल्या.

जेवण को क्रादानच्या वाळूवर. २०२३ साली जगातल्या उत्तम किनाऱ्यांच्या एका यादीत हा किनारा पहिला आला होता. शाकाहारी मंडळींनी आधी सांगून ठेवावं, कारण तिकडे भाजीतही माशाचा अर्क घालतात. त्यांचा शब्द लक्षात ठेवायला सोपा आहे, 'मांगसविरत'. आपलं 'मांसविरती'च ते!

जेवताना त्या मुलीनं एक गोष्ट सांगितली. या किनाऱ्यालगत समुद्री गवताची कुरणं आहेत आणि त्यांवर डुगॉन्ग, म्हणजे समुद्रगाई, चरतात. २०१९ साली आईपासून चुकलेलं एक पिल्लू सापडलं. त्याचं नाव मारियम ठेवलं. जवळच्याच लिबोंग बेटापाशी माणसं पाण्यात उभी राहून त्याला बाटलीनं दूध पाजत. साऱ्या देशाचं ते लाडकं झालं. त्याच ऑगस्टमध्ये ते गेलं, आणि पोटात प्लॅस्टिकचे तुकडे सापडले. अलीकडे ते गवतही मरू लागलंय. ऐकून वहिनींनी आमच्या चिवड्याच्या, लाडवांच्या सगळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मोजून एका डब्यात कोंबल्या आणि डबा मांडीवर घेऊन बसल्या. ही मात्र खरी राखण!

आता तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर चार व्यवहाराच्या गोष्टी. साडी नकोच, आणि पंजाबी ड्रेसची ओढणीही पाण्यात नको. ती अडकते आणि कुर्ता भिजून जड होतो. पोहण्याच्या कापडाचा लांब बाह्यांचा सदरा आणि घोट्यापर्यंतची विजार मिळते. अंग झाकलं जातं आणि ऊनही लागत नाही. मंगळसूत्र, बांगड्या मुक्कामीच ठेवा. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी अर्धा तास आधी घ्या, आणि न्याहारी हलकी करा. उन्हाचं क्रीम नेताना त्यावरची नावं वाचा. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट अशा चार घटकांनी पोवळ्यांना अपाय होतो, म्हणून २०२१ पासून थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत अशा क्रीमला बंदी आहे. हृदयाचा, दम्याचा त्रास असेल किंवा बंद अंधारात जीव घाबरत असेल तर गुहेला बाहेरूनच नमस्कार करावा. त्यात कमीपणा काही नाही. पण 'मी नाही येत' म्हणताना ते आपल्या जिवासाठी म्हणतोय की पिशव्यांसाठी, एवढं मनाशी विचारून घ्यावं.

परतताना वहिनी मागच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं, दमल्या. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आपल्या नगरपालिकेच्या तलावावर बायकांची वेळ सकाळची असते की दुपारची ग?"

सकाळची असते, सात ते आठ. आता घरचा पहिला चहा भाऊजी करतात.