जाताना न्यावयाचे प्रश्न

आमच्या राजापूरला परदेश काही नवा नाही. सतराव्या शतकात इंग्रजांची वखार येथे होती आणि खाडीच्या वाटेने गलबते माल घेऊन येत. आता खाडी गाळाने भरत गेली आणि प्रवासाची दिशाही उलटली. आमची मुले शिकण्यासाठी बाहेर जातात. यंदा माझी पुतणी लंडनला निघाली आहे. ती डॉक्टर आहे. पण तिला शिकायचा आहे तो निरनिराळ्या देशांतील आरोग्यव्यवस्थांचा तौलनिक अभ्यास. ‘एवढी डॉक्टर झालीस, आता रोगी तपासायचे सोडून देशांची तुलना कसली करतेस?’ असे वहिनीने विचारले, तेव्हा ती नुसती हसली. उत्तर घरातच, पडवीतल्या आरामखुर्चीत बसले होते.

काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात, मध्यरात्री, माझ्या थोरल्या भावाच्या छातीत कळ आली. उपचाराची सोय जवळपास नव्हती. मिळेल त्या गाडीने अणुस्कुरा घाट चढून आम्ही त्याला वर देशावरच्या एका शहरात नेले. तेथील एका खासगी रुग्णालयात स्ट्रेचर दाराशीच थांबले. आधी अनामत रक्कम भरा, मग आत घेऊ, असे सांगण्यात आले. पैसे उभे राहिले, भाऊ वाचला. परंतु वडिलांनी लावलेली हापूसची कलमे त्या वर्षी दुसऱ्याच्या नावावर झाली. आज त्याच्या पडवीतून तीच बाग दिसते. मोहोर येतो, आंबा उतरतो, पेट्या भरतात. तो पाहत असतो. पुतणीचे जाणे ठरले तेव्हा त्याने एकच गोष्ट विचारली : ‘तिकडे आत घ्यायच्या आधी पैसे मागतात काय गं?’

मला वाटते, तौलनिक अभ्यासाचा आरंभ याहून नेमक्या प्रश्नाने होणार नाही. निरनिराळ्या देशांनी त्याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८३ साली, कामगार आणि मालक यांच्या वर्गणीतून आजारपणाचा विमा उभा राहिला. ब्रिटनने महायुद्धाने खचलेल्या अवस्थेत, ५ जुलै १९४८ रोजी, करांच्या पैशांतून चालणारी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. अमेरिकेने १९६५ साली वृद्धांची आणि गरिबांची काही सोय सरकारी खर्चाने केली. इतरांचा भार मुख्यतः नोकरीबरोबर येणाऱ्या विम्यावर राहिला. आणि हे काम श्रीमंतांनाच साधते असे म्हणावे, तर २००२ साली थायलंडसारख्या मध्यम कुवतीच्या देशाने सर्व नागरिकांना आरोग्यसेवेचा कायदेशीर हक्क दिला. यांपैकी एकही व्यवस्था निर्दोष नाही. ब्रिटनमध्ये शस्त्रक्रियेसाठी महिनोन्‌महिने ताटकळावे लागते. पण रांगेत थांबणे आणि बाग विकणे यांत अंतर आहे.

आपल्या देशाला हा प्रश्न सुचलाच नव्हता असे नाही. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीत कोकणातले कामगार पुढारी नारायण मल्हार जोशी सदस्य होते. १९४४ साली अनेक देशांच्या आरोग्यव्यवस्थांचे जाणकार हेन्री सिगरिस्ट सल्ल्यासाठी भारतात येऊन गेले. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व समितीने १९४६ च्या अहवालात स्वच्छ मांडले. म्हणजे ब्रिटनची सेवा सुरू होण्याच्या दोन वर्षे आधीच आपल्याकडे ते कागदावर आले होते. त्या कागदातून प्राथमिक आरोग्य केंद्रे आली. तत्त्व मात्र वाटेतच अडले. महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेली आणि पुढे महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली योजना हा ते पुढे नेण्याचा एक प्रयत्न. तथापि योजनेचे कार्ड कपाटात असणे आणि मध्यरात्री दार उघडणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

परदेशी जाऊन काय आणावे, याचे धडे मराठी माणसांनी घालून दिले आहेत. आनंदीबाई जोशी यांचे बाळ दहा दिवसांत गेले, तेव्हा त्या अवघ्या चौदा वर्षांच्या होत्या. १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या आणि तेथे त्यांनी प्रबंध लिहिला तो आपल्याच लोकांतील प्रसूतिशास्त्रावर. १८८६ साली पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली. पण रुजू होण्यापूर्वीच १८८७ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले दांपत्य. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन त्यांनी १९७० साली गाठले ते दुष्काळी जामखेड. तेथे त्यांनी अक्षरओळखही नसलेल्या खेड्यातील स्त्रियांना आरोग्यसेविका केले. त्याच विद्यापीठातून १९८४ साली पदव्युत्तर पदवी घेतलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत स्थिरावले. गावातल्याच स्त्रीला नवजात बालकाची घरोघर काळजी घ्यायला शिकवले, तर नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटतात, हे त्यांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून जगापुढे ठेवले.

या मंडळींनी तिकडची मोठी रुग्णालये उचलून इकडे आणली नाहीत. मोजावे कसे, हे ते तिकडे शिकले. काय मोजावे, हे त्यांना इकडच्या माणसांनी सांगितले.

म्हणून पुतणीला मी उपदेश केला नाही. तिच्या वहीच्या पहिल्या पानावर तीन प्रश्न तेवढे लिहून दिले. डोंगरावरच्या शेवटच्या वाडीतल्या माणसापर्यंत मदत किती वेळात पोहोचते? ती पोहोचली की पहिला शब्द पैशांचा असतो की दुखण्याचा? आणि माणूस बरा होऊन घरी येतो, तेव्हा त्याचे घर आणि शेत त्याचेच राहिलेले असते काय? जाशील त्या प्रत्येक देशात हेच विचार, मी म्हटले. उत्तरे वेगवेगळी येतील. त्यांतले आपल्या मातीत काय रुजेल, ते परत आल्यावर येथल्या वाड्यांतून हिंडून ठरव.

तिने वही मिटली नाही. तिसऱ्या प्रश्नाखाली तिने आपल्या अक्षरात दोन शब्द लिहिले : ‘बाबांची कलमे.’