नववा प्रश्न

मी रिद्धपूरची आशा सेविका. मानसिक आरोग्याच्या कामात आमच्या हाती नऊ प्रश्नांचा कागद असतो. गेल्या दोन आठवड्यांत कामात मन लागलं का, झोप कशी होती, भूक कशी होती. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. नववा प्रश्न सगळ्यात जड: मेलेलं बरं, किंवा स्वतःला काही करून घ्यावं, असं मनात येतं का?

एका घरी मी भर दुपारी गेले. संत्र्याची फळगळ सुरू होती, बागेत खाली नुसता सडा. घरची सून ओसरीवर तुरीची डाळ निवडत होती, बाजूला सासू. तिसऱ्या प्रश्नाला ती म्हणाली, “झोप लागत नाही जी ताई.” मी लगेच म्हटलं, “रातची लाईन असते, पाणी लावाले जागावं लागते, म्हणून असंन.” तिनं मान हलवली. कारण मीच दिलं, तिनं नुसतं घेतलं. पुढच्या दोन उत्तरांचंही तसंच झालं. मला अजून चार घरं करायची होती. नवव्या प्रश्नाशी आले तेव्हा मलाच अवघडल्यासारखं झालं, आणि मी विचारलं, “असे काही वाईट विचार तर येत नाहीत ना?”

“नाही.”

मी शून्य लिहिलं. निघताना तिला सांगितलं, लेकरांकडे पाहा, देवाचं नाव घ्या, सगळं ठीक होते.

तीन आठवड्यांनी तिनं जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला. जावेनं वेळेवर पाहिलं म्हणून ती वाचली.

प्रशिक्षणात आम्हाला ‘विश्राम’ प्रकल्पाची गोष्ट सांगितली होती. आपल्याच अमरावती जिल्ह्यातली 30 गावं. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन काम केलं आणि नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण 18 महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. ते ऐकून माझी छाती भरून आली होती. माझ्या वहीत ही बाई ‘भेट झाली’ या रकान्यात होती.

ती घरी आल्यावर मी गेले. या वेळी आम्ही दोघी मागच्या अंगणात बसलो, सासू नव्हती. मी माफी मागितली. ती म्हणाली, “तुमीच ‘नाही ना’ म्हणून इचारलं ताई. मंग मी हो कशी म्हणू? अन् बुढी बसून होती.”

त्या संध्याकाळी महानुभावांच्या राजमठावरून घरी येताना पाय चालेनात. याच गावात, तेराव्या शतकात, म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. चक्रधरस्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांना गाठून, एकेकाला विचारून त्यांनी लीळा गोळा केल्या. दोघांची आठवण जुळली नाही तर दुसऱ्याचंही म्हणणं नोंदवून ठेवलं. स्वतःला पटेल तेवढंच ठेवून बाकीचं टाकलं नाही. हे मी शाळेपासून ऐकत आले, दर यात्रेला पाहुण्यांना अभिमानानं सांगत आले. आणि माझ्यासमोर बसलेल्या बाईचं एक वाक्य मला पुरं होऊ देता आलं नाही.

आता मी आधी विचारते, कुठं बसून बोलू या. कागद मांडीवर पालथा ठेवते, गुण घराबाहेर येऊन लिहिते. आणि नववा प्रश्न जसा छापला आहे तसाच विचारते, ‘ना’ न लावता. विचारल्यानं तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही. आधीपासून असला तर सांगायला वाट मिळते. हे शिकवलं होतं मला. तरी मी भ्याले, कारण उत्तर ‘हो’ आलं तर पुढं काय बोलायचं, हे मला सुचणार नव्हतं.

त्या दिवशी अंगणात मी तो प्रश्न तिला पुन्हा विचारला. ती गप्प. चुलीवरचं दूध उतू जायला आलं, तिनं उठून उतरवलं, परत येऊन बसली. मी काही बोलले नाही. खूप वेळानं ती म्हणाली, “येते. पहाटं जास्त येते.”

तिच्या फोनमध्ये टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर टाकून दिला, तिच्या जावेलाही दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी मोर्शीच्या गाडीत बसलो, डॉक्टरांकडे जायला. खिडकीजवळची जागा तिला दिली. वाटेत ती बोलत राहिली.