खानापूरचा रस्ता, उद्यमबाग आणि एक जुनी येझदी

मलप्रभेच्या काठचे खानापूर मागे टाकून बेळगावच्या दिशेने निघाले म्हणजे सुमारे २६ किलोमीटरांच्या त्या वाटेवर मनुष्याच्या हस्तकौशल्याची दोन निरनिराळी जगे दृष्टीस पडतात. आरंभी मातीचे जग. खानापूर हे कौले व कुंभारकाम यांसाठी पूर्वापार नावाजलेले गाव. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे आणि मधून मधून झाडांची गर्द राई. पुढे देसूर, मच्छे, पिरनवाडी ही गावे ओलांडली की लोखंडाचे जग सुरू होते. टिळकवाडीच्या रेल्वे फाटकांच्या अलीकडे उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. ओतशाळांचा धग, लेथ यंत्रांची एकसुरी घरघर आणि तापल्या तेलाचा वास यांवरून डोळे मिटूनही ती ओळखता यावी. पंपांचे भाग, झडपा, ओतीव लोखंडाचे नाना आकार येथून दूरदूरच्या गावी जातात.

ज्या नगरात लोखंडाला हवा तो आकार देणारे शेकडो हात आहेत, त्याच नगरात एका जुन्या मोटारसायकलीस लागणारा एक पिस्टन महिनाभर मिळू नये, याचे कोणासही नवल वाटेल. त्या नवलाची हकिकत वाचकांपुढे ठेवण्यासारखी आहे. कारण अशी वाहने आपल्या खेड्यापाड्यांतून अद्याप पुष्कळ घरांचा संसार ओढीत आहेत.

माझा भाचा गावातील सात-आठ घरांचे दूध गोळा करून सकाळ-संध्याकाळ खानापुरास पोहोचवितो. त्याची मोटारसायकल म्हणजे त्याच्या वडिलांनी घेतलेली येझदी. तरुण वाचकांस हे नाव नवे वाटेल, म्हणून थोडे सांगतो. म्हैसूर येथे आयडियल जावा या कंपनीचा कारखाना १९६१ साली सुरू झाला. प्रथम ‘जावा’ आणि पुढे १९७३ पासून ‘येझदी’ या नावाने तेथील गाड्या देशभर गेल्या. सिलिंडर एकच, परंतु धुराच्या नळ्या दोन. आणि गंमत अशी की, जो दांडा पायाने दाबून गियर बदलावयाचा, तोच उलटा फिरविला म्हणजे गाडी सुरू करण्याची किक होते. पेट्रोलमध्येच तेल मिसळून ती चालते. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. २०२२ च्या जानेवारीत येझदी या नावाने पुनश्च गाड्या निघाल्या, हे खरे. परंतु त्यांचे इंजिन सर्वस्वी निराळे असल्यामुळे त्यांचे भाग जुन्या गाडीस लागत नाहीत.

२०२४ साली ईस्टरनंतरच्या आठवड्यात ही गाडी चढणीवर दम टाकू लागली, धूर वाढला आणि इंजिनातून ठकठक असा आवाज येऊ लागला. भाच्याने ती बेळगावातील एका गजबजलेल्या पेठेतील गॅरेजात नेऊन दिली. देताना त्याने एका कागदावर गाडीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, सोबत दिलेल्या वस्तू आणि आगाऊ दिलेले दोन हजार रुपये लिहून घेतले व मालकाची सही घेतली. चार दिवसांत गाडी देण्याचा वायदा होता.

चार दिवसांचे आठ झाले, आठांचे पंधरा झाले. दर खेपेस उत्तर एकच: “पार्ट बंदिल्ला.” म्हणजे भाग आलेला नाही. कधी तो हुबळीहून यावयाचा असे, कधी कोल्हापुराहून. आणि निरोप देताना शेवटचे शब्द ठरलेले: “नाळे बा.” उद्या ये. कर्नाटकातील वाचकांस ठाऊकच असेल की, रात्री दारावर हाक मारणाऱ्या भुताने परत फिरावे म्हणून पूर्वी घरांच्या दारांवर ‘नाळे बा’ ही अक्षरे लिहून ठेवीत. भूत ती वाचून माघारी जाई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाची. या गॅरेजवाल्याने भुताचा तो मंत्र गिऱ्हाइकास लागू केला होता, इतकेच.

इकडे दूध थांबत नव्हते. भाड्याच्या रिक्षाने किटल्या पोहोचविण्यात दिवसाची निम्मी मिळकत जाऊ लागली. एक दिवस रिक्षा उशिरा आली, उन्हात दूध नासले, आणि दोन घरांनी आपले दूध दुसऱ्याकडे द्यावयास आरंभ केला. पावसाळा महिन्यावर येऊन ठेपला होता. तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, एकदा तुम्ही चला.” मी गेलो.

गॅरेजात गाडीचा सांगाडा भिंतीशी उभा होता. इंजिन खोललेले, निम्मे भाग एका खोक्यात, निम्मे दुसऱ्याच कोणाच्या भागांत मिसळलेले. मालक चहा घेत होते. ते म्हणाले, “बसा ओ गुरुजी. ह्या गाडीचं काय ऱ्हायलं न्हाई बगा. सिलिंडर आधी बोअर करून घेतो, पिस्टन मिळंल तवा मिळंल. न्हाई तर असं करा, आहे तशी मलाच द्या. भंगाराच्या भावापेक्षा चार पैसे जास्त देतो.”

या शेवटच्या वाक्याने पुष्कळसा उलगडा झाला. जुन्या जावा-येझदी आज हौशी लोक शोधून शोधून विकत घेतात व त्यांस चांगली किंमत देतात. गरजवंताची गाडी महिनाभर अडकवून ठेवली, तर तो कंटाळून ती फुंकून टाकतो, हे त्या पेठेतील व्यवहारी माणसास समजत नसेल असे मानणे कठीण होते. मी वाद घातला नाही. भाच्याने सही केलेला कागद पुढे केला व मी म्हणालो, “मालक, गाडी विकावयाची नाही. जे काम झाले त्याचे बिल द्या, उरलेले पैसे द्या आणि या यादीप्रमाणे भाग मोजून द्या.” प्रथम त्यांचा आवाज चढला. परंतु कागदावरील सही त्यांचीच होती. दोन तासांनी सारे भाग एका गोणीत भरले गेले. सापडत नसलेला कार्ब्युरेटर दुसऱ्या एका खोक्यातून निघाला. आणि खोलण्याची मजुरी वजा जाता बाराशे रुपये हाती आले.

गोणी रिक्षात घालून आम्ही उद्यमबागेत गेलो. तेथे एका लहानशा शेडमध्ये एक वयस्क टर्नर एकटेच काम करीत होते. त्यांनी प्रथम सिलिंडर रॉकेलने स्वच्छ धुतला. मग त्याचा व्यास वर, मध्ये व खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजला. नवा असताना तो ६५ मिलिमीटर असतो. ते म्हणाले, “झीज वरच्या तोंडाशी जास्त असते, जिथून रिंग माघारी फिरते तिथं. तुमचा सिलिंडर मेलेला नाही. अर्धा मिलिमीटर वाढवून नीट होईल. पण मी आज बोअर करणार नाही. आधी पिस्टन आणा. पिस्टन मोजून त्याच्या मापानं सिलिंडर कातायचा असतो. सिलिंडर कातून मग पिस्टन हुडकायचा नसतो.”

हे ऐकून मी भाच्याकडे पाहिले. ‘सिलिंडर आधी बोअर करून घेतो’ हे गॅरेजवाल्याचे वाक्य किती घातक होते, हे आता उघड झाले. नको त्या मापाने कातलेला सिलिंडर खरोखरच भंगारात गेला असता.

टर्नरांनी एका चिठ्ठीवर गाडीचे नाव, मूळ व्यास आणि वाढीव माप लिहून दिले. ती चिठ्ठी व जुना पिस्टन यांची छायाचित्रे भाच्याने म्हैसूरच्या एका दुकानदारास मोबाइलवरून पाठविली. तेथे जुन्या येझदीचे काही भाग अद्याप मिळतात. पाचव्या दिवशी बसच्या पार्सलने पिस्टन, रिंगा आणि पिन बेळगावात आली. जो भाग महिनाभर ‘बंदिल्ला’ होता, तो पाच दिवसांत आला. सिलिंडर कातून घोटला गेला, इंजिन बांधले गेले, आणि मे महिना सरण्यापूर्वी किटल्या पुन्हा गाडीवर लटकल्या. फिरलेल्या दोन घरांपैकी एक परत आले. दुसरे आले नाही.

वाचकहो, या हकिकतीतून घेण्यासारखे आहे ते असे. गाडी दुरुस्तीस देताना वस्तूंची यादी, आगाऊ रक्कम व वायद्याचा दिवस लिहून सही घ्यावी. ‘भाग मिळत नाही’ असे कोणी म्हणाले, तर त्या भागाचे नाव व माप लिहून मागावे आणि काढलेला जुना भाग परत घ्यावा. कारण जुना भाग हातात असला म्हणजे नवा शोधता येतो. बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तिला शुल्क पडत नाही.

तथापि कायद्याची पायरी प्रत्येक वेळी चढावी लागत नाही. त्या गॅरेजात आमच्या कामी आला तो दोन रुपयांचा कागद. आणि उद्यमबागेत कामी आला तो काम समजणारा व खरे बोलणारा एक कारागीर. बेळगावसारख्या शहरात पेठेतील मोठी पाटी सहज दिसते. आतल्या गल्लीतील शेड विचारीत विचारीत शोधावी लागते. खेड्यातून जाणाऱ्या माणसाने तेवढे श्रम अवश्य घ्यावेत. दुरुस्ती ही अखेर विश्वासाची बाब आहे, आणि जो माणूस कातण्यापूर्वी मोजतो, त्याच्या हाती आपली गाडी निःशंकपणे द्यावी.