जास्वंदीची चड्डी जांबला जाते

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ हे गाव आहे. इथून समुद्र गाठायचा तर अर्धा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. अशा गावी माझा भाचा एस. टी.तून उतरला तो गुडघ्यापर्यंतची निळी चड्डी घालून, आणि तिच्यावर ताटाएवढी तांबडी जास्वंदीची फुले! स्वारी गोव्याहून थेट माझ्याकडे आली होती.

"अरे, समर्थांच्या जन्मगावी ही बर्म्युडा?"

"मामा, ही बर्म्युडा नव्हे. बोर्डशॉर्ट."

आणि भर रस्त्यात त्याने माझीच शिकवणी घेतली. फळीवर उभे राहून लाटेवर स्वार व्हायचे, हा खेळ हवाई बेटांतला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या ड्यूक काहानामोकूने तो परदेशी लोकांना दाखवला. पाय घसरू नये म्हणून फळीला मेण चोपडतात. तिच्यावर पालथे पडून मांड्या सोलवटतात, म्हणून चड्डी गुडघ्याकडे लांबली. लाटेच्या माऱ्यात इलॅस्टिक दगा देते, म्हणून कमरेला घट्ट नाडी. मेणाची वडी ठेवायला एक छोटा खिसा. १९५० च्या सुमारास हवाईतल्या वायानाए गावी एम. नी नावाचा शिंपी अशा चड्ड्या मापाने शिवून देई. पुढे सुताच्या जागी नायलॉन, पॉलिएस्टर आले. हे कापड पाणी पीत नाही. झटकले की वाळते.

मला आपल्या कोळ्यांचा सुरका आठवला. पाण्यात शिरणाऱ्याचे पाय मोकळे हवेत, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नव्हते. आणि ऐटीत म्हणाल तर जास्वंदीपेक्षा सुरकाच सरस!

पटले सगळे, पण लाज सुटेना. २०२२ च्या ऑगस्टात इथल्या देवघरातल्या मूर्ती चोरीस गेल्या होत्या. दोनएक महिन्यांनी सापडल्या. तेव्हापासून गाव परक्याला निरखून पाहत असेल, असे मीच मनाशी ठरवले आणि माझे उपरणे त्याच्यापुढे धरले. "हे गुंडाळ कमरेला."

त्याचा चेहरा उतरला. "तू जाऊन ये, मामा. मी बसतो बाहेर." पोरगा हौसेने माझ्यासोबत आला होता, हे मला त्यानंतर आठवले.

मी एकटाच आत गेलो. १६०८ च्या रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी जन्मलेला नारायण लग्नाच्या बोहल्यावरून पळाला आणि नाशिकजवळ टाकळीला गोदावरीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून बारा वर्षे जप करीत राहिला, असे परंपरा सांगते. रोज पाण्यात उभे राहणाऱ्याला धोतराचा घोळ कसा परवडावा? आपल्या घरोघरच्या तसबिरींतले समर्थ लंगोटीतच असतात. मी मात्र इस्त्रीच्या विजारीत, उपरणे काखोटीला मारून, हात जोडून उभा होतो.

बाहेर आलो तर भाचा हातपाय धुताना चिंब भिजलेला, आणि एक म्हातारे शेतकरी त्याच्या चड्डीचे कापड बोटांत चोळून पाहत होते.

"गुर्जी, पोरगं तुमचंच का?" त्यांनी मला विचारले.

"हो," मी म्हणालो. "भाचा माझा."

"उसाला पानी देताना धोतर चिखलानं जड होतंय बघा. हे बेस हाये. कितीला पडतंय?"

भाचा खुलला. "आजोबा, फुलांची हवी की साधी?"

म्हातारबांनी क्षणभर विचार केला.

"फुलांचीच बघ."