संध्याकाळचा ललत

चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वादक. दुसऱ्यांच्या चाली दुसऱ्यांच्या चित्रपटांसाठी वाजवण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. १९८२ साली, हिंदी चित्रपटांत डिस्कोची धामधूम चालू असताना, त्यांनी तीन जपानी यंत्रे एकत्र आणली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३ हे खर्जाचे यंत्र आणि टीआर-८०८ हे तालयंत्र. त्यांवर दहा राग वाजवले. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही एचएमव्हीची तबकडी खपली नाही. २०१० साली ती हॉलंडमधून पुन्हा निघाली आणि १९८७ च्या सुमारास शिकागोत उदयाला आलेल्या ‘ॲसिड हाउस’ संगीताची ती पूर्वज असल्याचा बोलबाला झाला.

आम्हीही तो बोलबाला ऐकूनच तिच्याकडे वळलो, हे कबूल केले पाहिजे.

पंचवटीतल्या आमच्या घरी थोरली आत्या गाणे शिकवीत असे. एका संध्याकाळी तिच्यासमोर आम्ही ललत लावला. तिने डोळे मिटले नाहीत. “या वेळी ललत लावलास होय रे?” एवढे म्हणून ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “दोन्ही मध्यम आहेत, पंचम नाही. राग खरा आहे. पण बसायला जागा नाही.”

आम्ही वरमलो. शिकागोशी नाते सांगणाऱ्या लेखांपैकी आम्ही वाचलेल्या एकातही दोन मध्यमांचा उल्लेख नव्हता, आणि आम्हालाही तो सुचला नव्हता. परक्यांनी वाखाणल्यावर आपले साहित्य वाचायला घेण्याची आपली खोड इथेही तशीच.

आत्याचा आक्षेप मात्र टिकतो. सिंथेसायझरवर स्वर घसरवता येतो, मींडेचा भास होतो. पण ठेका थांबत नाही, म्हणून स्वराला न्यास मिळत नाही. पहाटेचा ललत, संध्याकाळचा यमन, मध्यरात्रीचा मालकंस हे सारे एकाच दिवाणखान्याच्या उजेडात उभे राहतात.

तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. आत्या शिकली ती विष्णु दिगंबर पलुस्करांच्या परंपरेतल्या स्वरलिपीच्या पुस्तकांवरून. लाहोरला १९०१ साली गांधर्व महाविद्यालय स्थापून पुढे नाशकातच आश्रम काढणाऱ्या पलुस्करांनी राग कागदावर उतरवला. कागदावर तरी बसायला जागा कुठे होती? ती आत्याने आपल्या गळ्याने केली. चरणजित सिंगांनी यंत्रात तेवढी जागा केली नसेल. पण दोन्ही मध्यम त्यांनी शाबूत ठेवले. डिस्कोसाठी ते सोडून देणे किती सोपे होते!

चरणजित सिंग २०१५ साली वारले. त्यांची तबकडी आम्ही आता पहाटे ऐकतो. निदान वेळ पाळणे आमच्या हाती आहे.