शून्य लांबीचा अ‍ॅरे

‘मेमरी कमी पडतेय, आणखी नोड द्या,’ असं म्हणत संशोधक येतात, तेव्हा मी आधी विचारतो: मोठा अ‍ॅरे प्रोसेसमध्ये वाटलाय, की प्रत्येकीकडे त्याची अख्खी प्रत आहे? एमपीआयमध्ये, म्हणजे निरोपांची देवाणघेवाण करत चालणाऱ्या समांतर प्रोग्रॅममध्ये, प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी असते. 2 जीबीच्या अ‍ॅरेची प्रत 48 प्रोसेसनी धरली, की एका नोडवरच 96 जीबी गेले. नोड वाढवून त्यात फरक पडत नाही. नोडमागे प्रोसेस कमी केल्या तर पडतो. 1991 मध्ये पुण्यात सीडॅकने ‘परम 8000’ उभा केला, त्यातही प्रत्येक ट्रान्सप्युटर प्रोसेसरची मेमरी स्वतंत्रच होती. वाटणीचा हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

मेमरी कुठे संपली याचा शोध लिनक्समुळे आणखी अवघड होतो. मेमरी मागितली की तो बहुतेक वेळा लगेच होकार देतो, पण मेमरीची खरी पानं पहिल्यांदा लिहाल तेव्हाच देतो. म्हणून अ‍ॅलोकेट हे मेमरी मागणारं विधान बिनचूक पार पडतं आणि प्रोग्रॅम मरतो तो अ‍ॅरेत शून्यं भरणाऱ्या साध्या लूपमध्ये. मेमरी संपली की लिनक्सचा कर्नल 9 क्रमांकाचा सिग्नल पाठवून त्याला थेट मारतो, त्यामुळे निरोपाची एक ओळही छापली जात नाही. हाती लागतो तो बऱ्याचदा 137 हा एक्झिट कोड, म्हणजे 128 अधिक 9. त्या लूपकडे बघत बसू नये, कर्नलचा लॉग उघडावा.

मला सर्वांत घातक वाटतो तो मात्र वेगळाच दोष. फॉर्ट्रानच्या एखाद्या कोडमध्ये मॅट्रिक्ससाठी एन गुणिले एन लांबीचा सपाट अ‍ॅरे मागितलेला असतो. एन 40,000 असताना सगळं सुरळीत. 50,000 केला की गुणाकार 250 कोटींवर जातो, आणि 32 बिटांच्या पूर्णांकात मावतात फक्त 2,14,74,83,647. आकडा उलटून सहसा उणे 1,79,49,67,296 होतो. उणे लांबी मागितली तर फॉर्ट्रान तक्रार करत नाही. भाषेच्या नियमानुसार तो शून्य लांबीचा अ‍ॅरे देतो आणि स्टॅट या स्थिती सांगणाऱ्या चलातही शून्य, म्हणजे ‘यशस्वी’. मग कोड जागा नसलेल्या अ‍ॅरेत लिहीत सुटतो. लगेच सेगमेंटेशन फॉल्ट आला तर नशीब समजा. नाहीतर शेजारच्या अ‍ॅरेतली तापमानं किंवा ऊर्जा हलकेच बदलतात, आणि तेच आकडे पुढे शोधनिबंधात जाऊ शकतात. याची मला खरोखर भीती वाटते. कंपायलरची बाउंड्स तपासणी कामाची आहे, पण अ‍ॅरे आधीच बांधलेल्या लायब्ररीत गेला की तिथे ती पोचत नाही. म्हणून अ‍ॅलोकेटनंतर अ‍ॅरेची खरी लांबी छापायचीच, असा माझा आग्रह असतो.

गुणाकार 64 बिटांत केला की हे निस्तरतं. पण तोच अ‍ॅरे एका फटक्यात दुसऱ्या प्रोसेसला पाठवायला गेलात, तर एमपीआयच्या जुन्या फंक्शनांमध्ये घटकांच्या संख्येचा रकाना 32 बिटांचाच निघतो. मोठ्या संख्यांची सोय 2021 च्या एमपीआय 4.0 मध्ये आली. तोवरच्या कोडमध्ये डेटा सहसा तुकडे करून पाठवावा लागतो.